डचेसचा पुढचा ब्रेक

१७ मार्च, रविवार

आज मी चहाच्या टेबलात घुसले. शेजारी नाही, थेट टेबलात.

आमच्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबची हंगामातली पहिली फेरी संपवून सगळे गावच्या सभागृहासमोर परत येत होते. मी उतारावरून आले, नेहमीसारखा पुढचा ब्रेक दाबला, आणि डचेस, माझी मोटरसायकल, नेहमीसारखी थांबली नाही. नेहमी ती उशिरा थांबते, आज फारच उशिरा थांबली. स्कोनचे गोड पाव उडाले, लोण्याची वाटी माझ्या मांडीत, आणि टेबल सांभाळणाऱ्या डोरोथीबाई चहाचं भांडं पोटाशी धरून किंचाळत मागे सरकल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. डचेसचा दिवा जरा वाकडा झालाय.

मग डोरोथी काय म्हणाली? "ब्रेकला नावं ठेवू नकोस हेझल. नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. नॉर्मन हसला नाही. तो क्लबचा मुख्य पंच. रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनीत बसून नियम त्याच्या हाडांत गेलेत. त्याने माझ्या दिव्याखालची सात नंबरची पाटी स्वतःच्या हाताने सोडवली आणि कोटाच्या खिशात घातली.

"मेअखेर माझ्यासमोर खडूच्या रेघेच्या आत थांबून दाखव," म्हणाला. "नाहीतर सप्टेंबरच्या चढणीच्या स्पर्धेत नाव नाही."

"आणि मग मी काय करायचं?"

"टेबल आहेच की, पोरी."

एकाहत्तराव्या वर्षी मला पोरी म्हणणारा या खोऱ्यात हा एकच उरलाय, आणि तोच मला टेबलामागे पाठवतोय!

टेबल म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. एकदा त्या टेबलामागे गेलेला माणूस परत गाडीवर बसलेला मी पाहिलेला नाही. वॉल्टर "एकच वर्ष, गुडघा बरा होईपर्यंत" म्हणून गेला. आता तो काकडीची सँडविचं कापतो, आणि कुणाची गाडी सुरू झाली की मान वर करून बघतो. क्लबात गाडी चालवणारी मी पहिली बाई. तेव्हा हेच लोक म्हणाले होते, बायकांची जागा टेबलामागे. तेव्हा गेले नाही, आता जाते होय!

२० मार्च, बुधवार

भाचीचा लीड्सहून फोन. डोरोथीने तिला कळवलं असणार, त्या बाईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. फिलिपा म्हणे, "आत्या, गाडी विक आता. आणि तो उजवा हात एकदा डॉक्टरांना दाखव."

"हाताला काय धाड भरलीये?"

"ख्रिसमसला तू टर्कीचं ताट सोडलंस."

ताट निसरडं होतं. हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं. हा हात तीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटत होता, बर्फात, कुत्र्यांच्या तोंडातून. त्याला काही झालेलं नाही. दोष ब्रेकचा आहे. १९५६ साली ज्यांनी तो बनवला, ते चर्चला जाणारे लोक असावेत, थांबायचं काम त्यांनी देवावर सोपवलेलं दिसतं.

अंगण वाकडंच आहे, डोरोथीबाई. आता मी ते सरळ करून दाखवते.

२४ मार्च, रविवार

पाऊस. पुढचं चाक काढून स्वयंपाकघरात आणलं. चाकाच्या मधल्या ड्रमच्या आत, एका तबकडीवर, चंद्रकोरीसारखे दोन ब्रेकशू असतात. हँडलवरची लिव्हर दाबली की एक कॅम, म्हणजे चपटी खुंटी, फिरतो आणि दोघांना बाहेर ढकलतो. पण ड्रमला खरा चावतो तो पुढचा एकटाच. दुसरा नुसता सोबत घासत राहतो, आमच्या क्लबच्या कमिटीसारखा. नंतरच्या वर्षांत कारखान्याने नवी तबकडी काढली. तिच्यात दोन कॅम, आणि दोन्ही शू चावणारे. ड्रम तोच. ती तबकडी मिळाली की निम्म्या जोरात दुप्पट थांबेल.

निम्मा जोर म्हणजे मला त्याची गरज आहे असं नाही. पण आयतं मिळत असेल तर का सोडायचं?

७ एप्रिल, रविवार

मिळाली! जुन्या विमानतळावर सुट्या भागांचा बाजार होता. नॉर्मनने आपल्या मोटारीतून नेलं. पाटीचा राग मी विसरलेले नाही. तिथे पोचल्यावर तो म्हणाला, "शेवटच्या टेबलावर बघ. मला त्यात रस नाही." आणि सॉसेज खायला निघून गेला.

शेवटच्या टेबलावर खरंच हवी तीच तबकडी, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली! दुकानदार अगदीच बावळट. मी घासाघीस करायला बाह्या सरसावल्या, तर तो पहिल्याच आकड्याला हो म्हणाला. गंमत म्हणजे गुंडाळलेला कागद आमच्याच चर्चच्या पत्रिकेचा होता. आमची पत्रिका इतक्या लांब जाते हे मला माहीत नव्हतं.

नॉर्मनने घरी सोडताना त्याच्या संत्र्याच्या मार्मालेडची बरणी दिली. झाकण पुन्हा सैल. बायको, जोन, गेल्यापासून हा माणूस झाकणंसुद्धा नीट लावत नाही. सांडलं असतं म्हणजे? मी तोंडावर सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

२५ एप्रिल, गुरुवार

शू नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, लावून टपालाने परत आले. काय देखणे दिसतात! दिवसभर जोडणी. स्प्रिंग बसवणं म्हणजे चिडलेल्या मांजराला अंघोळ घालणं. नट हातातून सारखे निसटत होते. आताचे नट फार गुळगुळीत करतात. दुपारी दुधाचं भांडंही फुटलं, त्याचा कान ओला होता.

५ मे, रविवार

बसवला, दाबला, आणि कप्पाळ! पहिल्यापेक्षा वाईट. लिव्हर लोण्यात बोट घातल्यासारखी आत जाते आणि डचेस काही केल्या थांबत नाही. फाटकापर्यंत गेले, मग पलीकडे, मग मेंढ्यांत. मेंढ्यांनी तरी अंगणाची म्हण ऐकवली नाही.

गॅरेजात बसून थोडं रडले. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार आहे? असं वाटलं की मी या लोकांशी भांडतेय खरी, पण त्यांचंच बरोबर असलं तर?

मग चहा केला आणि तो विचार चहाबरोबर गिळून टाकला.

८ मे, बुधवार

सापडलं! चूक माझी होती आणि ती मीच शोधली. दोन कॅमना जोडणारी एक दांडी असते. मी ती आधी जोडून मग ब्रेक लावत होते. त्यामुळे एक शू ड्रमला टेकायचा आणि दुसरा हवेत राहायचा. आधी दांडी सोडायची, दोन्ही कॅम हाताने फिरवून दोन्ही शू एकदम टेकवायचे, आणि ते तसेच धरून दांडी मधे बसेल एवढीच लांब करायची. त्यासाठी तीन हात लागतात. माझ्याकडे दीड आहे. (दीड का लिहिलं? दोन. पेनही गचाळ आहे, ओळी वाकड्या येतात.)

तिसऱ्या हाताचं काम दाढांनी केलं. स्पॅनरची चव तोंडातून जात नाही.

संध्याकाळी गल्लीत फिरवून आणली. दोन बोटांनी लिव्हर ओढली आणि डचेसने असं नाक खाली घातलं की मी टाकीवर आदळले. आई गं! त्रेसष्ट वर्षांची म्हातारी पहिल्यांदा माझं ऐकत होती. मी रस्त्यात एकटीच ओरडले.

२६ मे, रविवार

नाकावर टिच्चून पास!

सभागृहासमोर नॉर्मनने खडूची रेघ ओढली आणि स्वतः तिच्यामागे उभा राहिला. शेजारी चहाचं टेबल मांडलेलं होतं, पण दोन-चार पावलं मागे सरकवून. मी ताशी तीस मैलांनी आले. डोरोथीने चहाचं भांडं उचललंसुद्धा. दोन बोटं, बस्स. रेघेच्या अलीकडे हातभर जागा उरली.

"आता अंगण कसं वाटतंय?" मी डोरोथीला विचारलं.

"थांबलीस म्हणून एवढं काय?" ती म्हणाली. "आम्ही रोजच थांबतो."

वॉल्टरने मात्र सुरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग मी जरा जास्तच बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सप्टेंबरच्या चढणीवर माझी गाडी थांबली नाही, तर मी आपल्या पायांनी त्या टेबलामागे जाईन. एप्रन तयार ठेवा!"

नॉर्मनने खिशातून पाटी काढून परत लावली. लावताना हळूच म्हणाला, "हेझल, पुढे जाताना झकास आहे हा. पण सप्टेंबरला केटलच्या चढणीवर, तोंड वर करून उभी असताना—"

"आता चढण काढ! उतार झाला की चढण, चढण झाली की आणखी काही. तुला मी तिथे नकोच आहे."

"तसं नाही गं पोरी..."

"मग कसं?"

तो पाटीचा स्क्रू आवळत राहिला. जोन म्हणायची, सिग्नल पाडायला या माणसाला एक मिनिट लागतं आणि वाक्य पाडायला वर्ष.

१८ जून, मंगळवार

नॉर्मनचा पाना परत द्यायला गेले. तो अंगणात ओकच्या लाकडाचा जाड तुकडा रंध्याने तासत होता, एका बाजूला उतरता. मला बघून लपवल्यासारखं केलं.

"काय बनवतोयस?"

"दाराला लावायला. वाऱ्याने आपटतं."

त्याचं दार ओलीने फुगलेलं आहे, ते लोटायलाच खांदा लागतो. म्हातारपणी माणसाचं डोकं कसं चालतं बघा. पुन्हा एकदा म्हणाला, "चढणीवर एकदा सरावाला जाऊया का दोघं?" मी म्हटलं, त्या चढणीवर मी तीस वर्षं थांबतेय, तू मला शिकवू नकोस.

खरंच थांबतेय. केटलची चढण ही आमच्या क्लबची खरी परीक्षा. अर्ध्या वाटेवर, जिथे रस्ता छपरासारखा उभा होतो, तिथे चुन्याच्या दोन रेघा. पुढचं चाक त्यांच्यामध्ये आणून थांबायचं, पंचाने निशाण खाली केलं की निघायचं. चाक वीतभर जरी मागे घसरलं तरी शून्य. कुणी गाडीला हात लावला तरी शून्य. नॉर्मनने सख्ख्या भावाला शून्य दिलं होतं, कुणीतरी त्याचं हँडल धरलं म्हणून. तो भाऊ अजून ख्रिसमसचं कार्ड पाठवत नाही. फक्त पंच स्वतःच स्वाराच्या वाटेत आला तर त्याला पुन्हा संधी मिळते. नॉर्मन कधी कुणाच्या वाटेत आलेला नाही.

बाकीचे लोक तिथे मागच्या ब्रेकवर उभे राहतात. तो डाव्या पायाने दाबावा लागतो, म्हणजे सगळा भार उजव्या पायावर. आणि उजवीकडे रस्ता खाली कललेला आहे. माझे पाय आखूड. म्हणून मी दोन्ही पाय टेकते आणि पुढच्या ब्रेकवर थांबते. तो जुना भिकार ब्रेकसुद्धा तिथे खिळ्यासारखा धरायचा. मग नवा काय धरेल!

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी ब्लाउजची बटणं लागेनात. अंगरखा डोक्यातून घातला. बटणं कुणी शोधली कोण जाणे, पुरुषानेच शोधली असणार.

फिलिपाने तीन तारखेची डॉक्टरची वेळ परस्पर घेऊन ठेवलीये. जाणार नाही.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं लिहायचं आहे. ओळी वाकड्या येतायत, पण लिहिणार.

आकाश स्वच्छ होतं. सारं गाव चढणीच्या दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांवर बसलेलं. पायथ्याशी टेबल. डोरोथीने माझ्यासाठी खरोखर एप्रन आणला होता आणि सर्वांना दिसेल असा खुर्चीवर टांगला होता.

माझी पाळी आली. डचेस पहिल्या गिअरमध्ये धडधडत वर चढली. नॉर्मन रेघांपाशी निशाण घेऊन होता, पण नेहमीच्या जागी नाही. पंच वरच्या बाजूला उभा राहतो, हा खालच्या बाजूला, माझ्या मागे. मला वाटलं उन्हासाठी असेल.

मी रेघांमध्ये आले, थांबले, दोन्ही पाय टेकले, पुढचा ब्रेक दाबला.

आणि डचेस मागे निघाली.

मी आणखी दाबला. दोन बोटं, चार बोटं, सगळा हात. चाक फिरतच होतं! हात दुखायला लागला, मग बधिर झाला, मग तो माझा नव्हताच. दोन्ही बूट डांबरावर घासत होते. खाली लोक ओरडायला लागले. मला एवढंच दिसत होतं की मी पुन्हा त्याच टेबलात जाणार, या वेळी पाठमोरी.

मग खट्ट झालं आणि गाडी थांबली.

मागे वळून पाहिलं. नॉर्मन गुडघ्यांवर, आणि माझ्या मागच्या चाकाखाली ओकचा तुकडा. एका बाजूला उतरता.

मी म्हटलं, "दाराला लावायला, नाही का?"

"दोन्ही शू पुढे जाताना चावतात," तो धापा टाकत म्हणाला. "मागे जाताना एकही नाही. जुन्यात एक पुढे चावायचा, एक मागे. तेच सांगत होतो, मेपासून."

तीस वर्षं मला त्या चढणीवर धरून ठेवलं ते त्या दुसऱ्या शूने, ज्याला मी कमिटी म्हणाले होते.

मग नॉर्मन उठला. गुडघे झटकले. आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं ओरडला, "पंच वाटेत आला! चूक पंचाची! सात नंबरला पुन्हा संधी!"

सख्ख्या भावाला शून्य देणारा माणूस भरदिवसा, शंभर लोकांसमोर खोटं बोलत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मला रडू आलं असतं, पण राग आधी आला. दुसरा काही स्वभावच नाही माझा.

"तू वाटेत आला नाहीस," मी म्हटलं. "गाडी घसरली. शून्य लिही."

"हेझल..."

"शून्य लिही नॉर्मन! मला दयेचे गुण नकोत. आणि ते लाकूड इकडे दे."

"कशाला?"

"मला अजून वर जायचंय."

त्याने डचेसला मागून धरलं, धरू दिलं मी. शून्यावर आणखी शून्य काय द्यायचं? लाकूड मी उजव्या बुटाखाली ठेवलं, जिथे रस्ता कलतो तिथे. बरोब्बर पाय पोचला. मग डावा पाय मागच्या ब्रेकवर. "सोड," म्हटलं. त्याने सोडलं. डचेस जागची हलली नाही. मी मोकळा उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला, डोरोथीला खास. मग थ्रॉटल पिळला आणि वर निघून गेले, माथ्यापर्यंत.

खाली आल्यावर शब्द पाळला. स्वतः जाऊन एप्रन घातला. नाडी बांधता येईना. डोरोथीने मागून बांधली. तिचे हात थंड होते, आणि ती म्हणाली, "तुझं अंगण खरंच वाकडं होतं गं." मी म्हटलं, "थोडं अंगणही आणि थोडी मीही." हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

एकच कप भरला. नॉर्मनसाठी. भांडं उजव्या हाताने धरलं, डाव्याने नाही. निम्मा चहा बशीत सांडला. सगळे बघत होते, बघू देत. नॉर्मनने बशी उचलली आणि आधी बशीतलाच प्याला.

"साखर कमी आहे," म्हणाला.

मी एप्रन काढून खुर्चीवर टाकला. एकच कप बोलले होते मी मनात, जन्मभर नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

अंग ठणकतंय. नॉर्मन सकाळी आला. मार्मालेडची बरणी, झाकण सैल. आज मी काही म्हटलं नाही. जोनच्या वेळच्या बरण्यांची झाकणं घट्ट असायची, तेव्हा माझा हातही धड होता, हे दुपारी सुचलं.

त्याला विचारलं, "ती तबकडी तुझीच ना? चर्चच्या पत्रिकेत गुंडाळलेली?"

"ग्रीसला दुसरा कागद नव्हता," म्हणाला, आणि मांजराकडे बघत बसला.

पुढच्या वर्षीसाठी मागच्या ब्रेकचा पेडल लांब करायचा, म्हणजे पाय पोचेल. आणि लिव्हर डाव्या हाताकडे नेता येईल का, हेही बघायचं. तो म्हणतो, येईल. तो पहिल्यांदाच एवढ्या लवकर हो म्हणाला.

उद्या डॉक्टरकडे जाणार. हो, जाणार. डचेसवरून. दवाखान्यापर्यंत सगळा उतारच आहे आणि उतारावर तिच्यासारखी थांबणारी या खोऱ्यात दुसरी नाही. परत येताना चढ आहे. नॉर्मन म्हणाला, मी मागून येतो, लाकूड खिशात आहे.

येऊ दे. पण पुढे मीच असणार.